स्टेअरिंगचा प्ले

खोक्यावर छापलंय: टेबलाची जाडी
दहा ते पंचावन्न मिलिमीटर.
आमचं टेबल बासष्ट भरलं.
दोनदा व्हर्नियर लावला,
कारण तीस वर्षं लोकांचे जॉब मोजलेला माणूस
घरातलं माप आधी चुकीचंच धरतो.

शाळेच्या भंगारातून घेतलेलं सागवानी टेबल,
त्यावर कुणा एस. डी. चौगुलेनं
कर्कटकानं कोरलेलं स्वतःचं नाव.
निशिगंधा म्हणाली, कडेनं जरा तासूया.
मी म्हणालो, टेबलाला हात लावायचा न्हाई.
क्लॅम्प बदलू.

सोमवार. उद्यमनगर बंद.
पण मिरासाहेबांच्या शेडची एक किल्ली
माझ्या खिशात असते.
शटर कमरेएवढं उचलून वाकून आत गेलो.
सी-चॅनेलचा तुकडा कापला, चौसष्टला तोंड उघडलं,
दोन भोकं मारली आठची.
एक भोक अर्ध्या मिलिमीटरनं सरकलं.
कुणाला कळणार नाही.
मला कळतंय, अजून.

क्लॅम्प बरोबर चौगुलेवर बसला.

पेडलांचं वेगळंच. ब्रेक दाबला
की गाडी थांबायच्या आत पेडलच
फरशीवरून भिंतीकडं पळतंय.
खाली पोतं घातलं, रबर घातलं.
शेवटी शालननं स्वयंपाकघरातनं
पाटा उचलून आणला, मागं टेकवला,
"आता पळ म्हणावं."
वरवंटा तिनं परत नेला.

वीज दिली.
चाक जागं झालं,
आपलं आपण डावीकडं गेलं, अगदी शेवटापर्यंत,
मग उजवीकडं शेवटापर्यंत,
आणि मधे येऊन थांबलं,
अनोळखी घरात दोन्हीकडं बघून
बसायची जागा ठरवणाऱ्या पाहुण्यासारखं.
"शिकतंय ते," निशी म्हणाली, "आपलं मधलं कुठं आहे ते."
मी हात मागं घेतला होता.
फिरत्या चकाजवळ हात न्यायचा नाही
हे हाडात गेलंय.

"आबा, डेड झोन किती ठेवू?"
म्हणजे काय गं?
"चाक हलतं, पण गाडीला कळत नाही, तेवढी जागा."
त्याला प्ले म्हणत्यात, म्हणालो.
सर्जेरावांच्या गुळाच्या ट्रकला चार बोटं प्ले होता.
मी क्लीनर, अठराचा.
करूळ घाट उतरताना
वळण दिसायच्या आधीच ते वळायला लागायचे.
गाडीला कळेपर्यंत वळण आलेलं असायचं.
मला वाटायचं त्यांना पुढचं दिसतं.

निशीनं ऐकून घेतलं, आणि शून्य टाकलं.
दोन फेऱ्यांनी हळूच
दोन केलं.

आता ती चालवते. मी टेबलावर
तळवा ठेवून बसतो.
कडेच्या रंगीत पट्ट्यांवर टायर गेला
की चाक तिच्या हाताला झटके देतं,
ड्रॉवरमधले स्क्रू नाचतात,
तळव्याला सगळं येतं.
बेअरिंगचा आवाज नाही. बरं आहे.
माझं अर्ध्या मिलिमीटरचं भोक
अजून तरी बोलत नाही.

"बसा की आबा, एकदा."

बसलो. तिनं डोंगरातला रस्ता लावून दिला,
कुठला देश कोण जाणे, बाजूला सरळसोट झाडं.
चाक उलटं ओढत होतं,
भरल्या ट्रकाचं ओढतं तसं, मनगटापासून खांद्यापर्यंत.
मी तिसाच्या वर गेलो नाही.
मागून आलेली एक निळी गाडी निघून गेली,
मग दुसरी, मग सगळ्याच.
पुढं आंधळं वळण.
अंगठा आपसूक चाकाच्या मधे गेला,
दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

"हॉर्न कुठाय?"
"रेसच्या गाडीला हॉर्न नसतो, आबा."

घाटात? आंधळ्या वळणाला?

वळण तर आलं होतं.
मग मी तोंडानंच वाजवला,
लांब, जुना, सर्जेरावांचा,
आणि स्वयंपाकघरातनं शालन म्हणाली,
"कोण आलं वो?"